तालुक्याच्या बातमीदाराला पडणारे एआयचे प्रश्न

यवतमाळ, वणी, चिमूर, अचलपूर, मेहकर अशा ठिकाणी तालुका प्रतिनिधी आणि पोर्टलवाल्या मित्रांसाठी आम्ही एआयचे वर्ग घेतो. वर्ग दोन तासांत आटोपतो, प्रश्न मात्र पुढे दोन महिने व्हॉट्सअ‍ॅपवर येत राहतात. बहुतेक रात्री साडेदहानंतर, पान सुटल्यावर. तेच उत्तर किती वेळा टाइप करायचं, म्हणून ही यादी. एका उत्तरात आलेलं दुसरीकडे पुन्हा सांगितलेलं नाही, तिथं प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एआय म्हणजे नेमकं काय? गूगल करण्यापेक्षा वेगळं काय आहे त्यात?

गूगल तुम्हाला कुणीतरी आधी लिहिलेलं पान शोधून देतं. चॅटजीपीटी, जेमिनाय ही साधनं वाक्य रचतात. आजवर वाचलेल्या प्रचंड मजकुरावरून पुढे कोणता शब्द शोभेल, याचा अंदाज बांधत जातात. आता त्यांत नेटवर शोधायचीही सोय आली आहे, पण तुमच्या समोर शेवटी येतं ते रचलेलं वाक्यच.

आपल्यासाठी यातली गोम अशी की आपल्या तालुक्याबद्दल नेटवर मराठीत मजकूर थोडा आहे. मजकूर थोडा तिथं अंदाज जास्त. मुंबईच्या लोकलबद्दल विचारलं तर बऱ्यापैकी नीट सांगेल. झरी जामणीच्या आठवडी बाजाराचा वार विचारला तर कोणता तरी वार ठोकून देईल. आवाज दोन्हीकडे तेवढाच ठाम. खोटं बोलणाऱ्या माणसाचा चेहरा तरी पडतो, याला चेहराच नाही.

२. माझ्याजवळ लॅपटॉप नाही, सगळं मोबाइलवर. चालेल का? पैसे भरावे लागतात का?

चालेल. फुकट खात्यावर रोजचं काम भागतं. पैसे भरण्याआधी महिनाभर वापरून बघा. फुकट खात्याची खरी किंमत वेगळीकडे मोजावी लागते, ती प्रश्न ८ मध्ये आहे.

३. कोणती कामं बिनधास्त देऊ शकतो?

कागदाची कामं. चाळीस पानांचा शासन निर्णय, जिल्हा परिषदेच्या सभेचं इतिवृत्त, न्यायालयाचा निकाल, जिल्हा माहिती कार्यालयाची लांबलचक प्रेसनोट. हे त्याला द्या आणि विचारा, "यात आपल्या जिल्ह्याचा उल्लेख कुठे आहे, पान क्रमांकासह सांग." मग ते पान स्वतः उघडून वाचा. माहिती अधिकाराच्या अर्जाचा मसुदा, शुद्धलेखन, एकाच बातमीचे चार मथळे, यूट्यूबसाठी छोटी संहिता, यालाही हरकत नाही.

एक खड्डा मात्र आपल्याकडचा खास आहे. कार्यालयांतल्या जुन्या फाइली श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये असतात. त्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की इंग्रजी अक्षरांचा भुसा निघतो. तो भुसा एआयला दिला तर "वाचता येत नाही" असं ते क्वचितच म्हणतं. दोन-चार ओळखीचे शब्द पकडून उरलेला शासन निर्णय आपल्या मनानं लिहून देतं, आणि देतं अगदी सरकारी भाषेत. अशा फाइलचा मजकूर कॉपी करू नका, पानाचा फोटो द्या. फोटोवरून आलेल्या मजकुरातले आकडे मूळ कागदाशी बोट ठेवून ताडा. पुसट झेरॉक्समध्ये १ आणि ९ ची अदलाबदल झाली की अनुदान आठ हजारांनी वाढतं.

४. आणि कोणती कामं द्यायचीच नाहीत?

कुणाच्या तोंडचं वाक्य लिहून घेणं. "सरपंचाची प्रतिक्रिया टाक" म्हटलं की ते टाकतं, आणि सरपंच बोलतात तशीच टाकतं, त्यामुळे जास्त घातक. घटनास्थळाचं वर्णन. कायद्याचं कलम आठवणीतून सांगणं. कुठल्याही घटनेची पार्श्वभूमी.

आणि कारण. कारण कधीच विचारू नका. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस अचानक गळायला लागले. पहिल्या आठवड्यात पाणी, शाम्पू, बुरशी असं काय काय छापून आलं. गव्हातल्या सेलेनियमचा मुद्दा नंतर तपासण्यांतून पुढे आला. डॉक्टरच शोधात असतात त्या दिवसांत यंत्राला कारण विचारलं, तर तुमच्या-माझ्या पहिल्या आठवड्यातल्या बातम्याच ते गोळा करून परत देणार.

पार्श्वभूमीबद्दल माझंच सांगतो. सिंचनाच्या एका बातमीला दोन ओळींची माहिती हवी होती, रात्र झाली होती, मी एआयकडून घेतली. त्यानं ऊर्ध्व वर्धा आणि निम्न वर्धा एकत्र कालवले. एक धरण अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याला, दुसरं वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यात धनोडीला. माझ्या बातमीत एकाचं पाणी दुसऱ्याच्या कालव्यातून वाहत होतं. सकाळी सव्वासातला निवृत्त शाखा अभियंत्यांचा फोन. रागावले असते तर बरं झालं असतं, ते हसत होते.

५. वऱ्हाडी कळते का त्याला? मुलाखत रेकॉर्ड करून मजकूर काढता येईल का?

काढता येतो, आणि दीड तासाच्या ग्रामसभेसाठी फार उपयोगी पडतो. पण एक खोड लक्षात ठेवा. यंत्र ऐकतं वऱ्हाडी आणि लिहितं पुण्याची. "वावरात पऱ्हाटी उभी हाय, पण बोंडच नाई" असं बाई म्हणाली, तर कागदावर "शेतात कापूस उभा आहे, पण बोंडे नाहीत" असं येण्याची शक्यता जास्त. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड, कापूस नव्हे. झाड उभं आहे आणि कापूस नाही, हेच तर ती सांगत होती. भंडारा-गोंदियाकडच्या झाडीबोलीचं याहून हाल. म्हणून अवतरणचिन्हांत जाणारं प्रत्येक वाक्य पुन्हा कानानं ऐका आणि ऐकलं तसं लिहा. उरलेला मजकूर टिपण म्हणून वापरा.

गोंडी, माडिया, कोलामी, कोरकूच्या बाबतीत सध्या यंत्रावर विसंबू नका. केंद्राच्या आदिवासी मंत्रालयानं सप्टेंबर २०२५ मध्ये "आदि वाणी" हे भाषांतराचं ॲप आणलं, त्यात गोंडी आहे, पण ती छत्तीसगडकडची. भामरागडच्या म्हातारीचं बोलणं त्यात टाकून बातमी करायची म्हणजे शेजारच्या गावच्या चष्म्यानं वाचायचं. मेळघाटातली कोरकू तर मराठीच्याच काय, गोंडीच्याही कुळातली नाही, ती मुंडा कुळातली भाषा. तिथं दुभाष्या घ्या, त्याचे पैसे द्या, आणि बातमीत "दुभाष्यामार्फत" असं लिहा.

६. इंग्रजी-हिंदी प्रेसनोटचं भाषांतर करतो. त्यात काय बघायचं?

शेती आणि महसूल यांचे शब्द. "पैसेवारी" ही पिकाची अवस्था आहे, रुपया-पैशाचा हिशेब नव्हे, हे यंत्राला दर वेळी कळेलच असं नाही. अंतिम पैसेवारी पन्नास पैशांच्या आत की वर यावर गावाच्या सवलती ठरतात, तिथं शब्द घसरला की बातमी उलटी होते. हिंदीतून येताना "फसल बीमा"चं "फसल विमा" होतं. वाचक समजून घेतो, तरी ते आपलं मराठी नाही.

शेवटी भाषांतर मोठ्यानं वाचा. "यावेळी बोलताना त्यांनी यावर भर दिला की" असं आलं तर ते प्रेसनोटचं मराठी आहे. ते मात्र यंत्राच्या आधीपासून आपणच लिहीत आलोय.

७. आकडे दिले तर ते खरे कशावरून? तपासायचे कसे?

हमीभावाचं उदाहरण घ्या. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२४-२५ साठी ७,५२१ रुपये क्विंटल होता, २०२५-२६ साठी ८,११० झाला. मध्यम धाग्याचा ७,१२१ वरून ७,७१०. सोयाबीन ४,८९२ वरून ५,३२८. एआयला "कापसाचा हमीभाव किती" एवढंच विचारलं तर यांपैकी कोणताही आकडा येऊ शकतो, आणि कोणत्या हंगामाचा, कोणत्या धाग्याचा, हे तुम्ही विचारलं नाही म्हणून ते सांगणार नाही. आकडा खरा, बातमी खोटी.

आणि हमीभाव म्हणजे शेतकऱ्याच्या हातात पडलेला भाव नव्हे. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळ) केंद्रावर कापसातला ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की कपात, १२ च्या वर गेला की गाडी परत. परतलेली गाडी खासगी जिनिंगला लागते. तो भाव कोणत्याही यंत्रात नाही, तो बाजार समितीच्या आवारात काटापट्टीवर आहे. काटापट्टीचा फोटो काढा.

यंत्रानं स्रोताचं नाव दिलं म्हणूनही निर्धास्त होऊ नका, स्रोतही रचलेला असू शकतो. मे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या शिकागो सन-टाइम्स या दैनिकाच्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचायच्या पंधरा पुस्तकांची, एआयकडून काढलेली यादी आली. त्यातली दहा पुस्तकं कुणी लिहिलेलीच नव्हती. आपल्याकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं आयकर विभागाचा एक आदेश रद्द केला. त्या आदेशात आधार म्हणून दिलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. मोठ्या पगाराच्या माणसांचं हे होतं, तर रात्री अकराला उंबरखेडहून बातमी पाठवणाऱ्याचं काय सांगावं.

८. नाव काढून टाकलं की मग माहिती एआयमध्ये टाकायला काय हरकत आहे?

सगळ्यात जास्त वेळा आलेला हा प्रश्न, आणि इथं मी शहरातल्या प्रशिक्षकांशी नेहमी भांडतो. शहरात नाव काढलं की माणूस गर्दीत मिसळतो. साडेतीनशे उंबऱ्यांच्या गावात "दोन एकर कोरडवाहू, नवरा मागच्या पोळ्याला गेला, मुलगी नर्सिंगला" एवढं लिहिलं की नावाची गरजच उरत नाही. चहाच्या टपरीवर दोन मिनिटांत ओळख पटते. गावात वर्णन हेच नाव असतं.

सगळे विचारतात, एआयमधून काय बाहेर येतं. तुम्ही आत काय टाकता, ते आधी बघा. फुकट खात्यात टाकलेला मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर जातो, आणि सेटिंग बदललेली नसेल तर तो पुढच्या प्रशिक्षणासाठी वापरला जाऊ शकतो. ती सेटिंग आजच बंद करा. त्यानंतरही प्रथम खबरीची प्रत, शवविच्छेदनाचा अहवाल, लाभार्थ्यांची यादी, आधार-सातबारा, कुणाच्या आजाराचे कागद टाकू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात पत्रकारितेला वेगळी सूट दिलेली नाही, हेही ध्यानात असू द्या.

लैंगिक अत्याचाराच्या बातमीत तर प्रश्नच नाही. पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा. बालक असेल तर पॉक्सोचं कलम २३ नाव, पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा, शेजार यांतलं काहीही देऊ देत नाही. विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलासाठी बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे. एआयला बातमी "वाचनीय कर" म्हणून दिली आणि त्यानं "आश्रमशाळेत आठवीत शिकणारी" हा तपशील वर आणून ठेवला, तर तो तुम्हीच दिलेला होता म्हणून आला.

९. शेतकरी आत्महत्येची बातमी एआयकडून लिहून घेतली तर? साचा तर ठरलेलाच असतो.

साचा ठरलेला असतो, म्हणूनच नको. करून बघा. गाव, वय, एकर एवढंच द्या आणि बातमी मागा. "नापिकी आणि कर्जाला कंटाळून" ही ओळ तुम्ही दिलेली नसताना येईल. यंत्रानं ती कुठून आणली? वीस वर्षं आपणच लिहीत आलो, तिथून. ती आपली सवय आहे, त्यानं फक्त पाठ केली.

त्या एका ओळीवर किती काय लटकलेलं असतं ते आपल्याला माहीत आहे. वारसांना मिळणारी १ लाख रुपयांची मदत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीत ठरते. प्रकरण पात्र की अपात्र, हे जमीन, कर्ज, थकबाकी, वसुलीचा तगादा या कागदांवरून बघितलं जातं. कर्ज सावकाराचं असेल आणि सावकार परवानाधारक नसेल, जमीन सासऱ्याच्या नावावर असेल, तर घरच्यांची पायपीट सुरू होते. बातमीदाराचं काम तिथं आहे. कोणत्या बँकेचं किती, नोटीस कधी आली, तलाठ्यानं काय लिहिलं. मशीनची ओळ हे सगळं झाकून टाकते, कारण ती वाचायला पूर्ण वाटते.

प्रेस कौन्सिलनं २०१९ मध्ये आत्महत्येच्या वार्तांकनाची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. पद्धतीचं वर्णन नको, चिठ्ठी छापायची नाही, मथळ्यात सनसनाटी नको, मदतीचा क्रमांक द्यावा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. एवढी तपासणी मात्र एआयकडून जरूर करून घ्या. स्वतः लिहिलेल्या बातमीतून आधी नाव-गाव-वर्णन काढा (प्रश्न ८), मग विचारा, "यात पद्धतीचं वर्णन किंवा कारणाचा निष्कर्ष कुठे आहे?" ते चांगलं सापडवून देतं. दुसऱ्याची चूक दाखवण्यात यंत्र पटाईत आहे, उपसंपादकासारखं.

१०. गडचिरोलीत काम करतो. सूत्रांची रेकॉर्डिंग मजकूर करण्यासाठी टाकावी का?

नाही. वहीत लिहा. वहीतही पूर्ण नाव नको.

११. फोटो एआयनं सुधारला तर चालतो का? आणि फोटोच नसेल तर बनवून टाकला तर?

उजेड वाढवणं, तिरपा फोटो सरळ करणं, कडेचं कापणं पूर्वीपासून चालत आलंय, चालेल. फोटोत नव्हतं ते आणणं किंवा होतं ते घालवणं चालणार नाही. नव्या मोबाइलमध्ये "खोडरबर"सारखी सोय आहे, तिनं मागचा माणूस पुसला की फोटो पुरावा राहत नाही. अस्पष्ट चेहरा "स्पष्ट" करून घेणं तर फारच वाईट, कारण यंत्र तिथं कुठला तरी चेहरा नव्यानं रंगवतं. तो एखाद्या निरपराध माणसासारखा निघाला तर?

बनवलेलं चित्र पूर, अपघात, आंदोलन, पीक नुकसान यांच्या बातमीला लावू नका. "प्रतीकात्मक" असं बारीक अक्षरात लिहून सुटका होत नाही. त्या चित्राचा स्क्रीनशॉट निघतो आणि ओळ खाली राहून जाते. नुकसानीच्या बातमीत धोका दुप्पट आहे. बनावट फोटो एकदा सापडला की पंचनाम्यावेळी खऱ्या फोटोवरही "एआयचा असेल" म्हणायला अधिकारी मोकळे. येलो मोझॅकनं पिवळं पडलेलं सोयाबीन दाखवायचं असेल तर वावरात जाऊन, मागे ओळखीची विहीर किंवा डीपी येईल असा फोटो काढा.

कविता, पाककृती, राशिभविष्य यांना चित्र बनवा खुशाल. राशिभविष्याला तर शोभेल.

१२. वाघाचा व्हिडिओ ग्रुपवर आला. सगळ्यांनी टाकला, आम्हीच मागे राहिलो. आता काय करू?

मागे राहा. २०२५ च्या दिवाळीनंतर दोन व्हिडिओ फिरले, आठवत असतील. एकात पेंचजवळ एक झिंगलेला माणूस रात्री रस्त्यावर वाघाला कुरवाळतो आणि बाटली पुढे करतो. दुसऱ्यात ब्रह्मपुरीच्या वन विश्रामगृहाबाहेर खुर्चीत बसलेल्या माणसावर वाघ झडप घालतो, वर सीसीटीव्हीसारखी तारीख-वेळ. दोन्ही एआयनं बनवलेले. पेंचच्या प्रकरणात नागपूर ग्रामीण पोलिसांनी व्हिडिओ टाकणाऱ्याला नोटीस बजावली, ब्रह्मपुरीच्या प्रकरणात वन विभागाला खुलासा करावा लागला. मधल्या काळात किती जणांनी "थरारक" म्हणून टाकलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं.

ते फसवे ठरले कारण ते शक्य वाटत होते. चंद्रपूर जिल्ह्यात माणसं खरोखर मरतात, मोहफुलं वेचताना, तेंदूपत्त्याला गेल्यावर. मुंबईकराला वाघाचा व्हिडिओ करमणूक असतो. इथं त्यावरून शाळा बंद ठेवतात, सकाळी वावरात जायचं की नाही ते ठरवतात, वन कर्मचाऱ्यांना घेराव पडतो.

आधी फोन करा. वनरक्षक, वनपरिक्षेत्र अधिकारी, त्या गावचा पोलीस पाटील. माणूस मेला असेल तर पंचनामा आहे, शवविच्छेदन आहे, गावात रडारड आहे. यांतलं काहीच नसेल तर बातमीही नाही. मग पाठवणाऱ्याला विचारा, "तुझ्याकडे कुठून आला?" असं मागे मागे जात मूळ फाइलपर्यंत पोचायचा प्रयत्न करा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेल्या व्हिडिओत मूळ वेळ-ठिकाणाची नोंद बहुधा उरत नाही, म्हणून "फाइलमध्ये काहीच सापडलं नाही" यावरून काही सिद्ध होत नाही. एक स्थिर चौकट काढून गूगल लेन्सवर टाका. झाडं बघा, साग आणि बांबूच्या जंगलात देवदार कुठून आला? सावली, वाघाचे पाय जमिनीला टेकतात तिथली धूळ, खुर्चीचे पाय, पाटीवरची देवनागरी हे सावकाश चालवून बघा. पाटीवरची अक्षरं अजूनही बऱ्याचदा चुकतात, पण या खुणांवर फार विसंबू नका. दर सहा महिन्यांनी त्या कमी होत जातात. पोलीस पाटलाचा फोन मात्र जुना होत नाही.

बनावट ठरला तर तो व्हिडिओ पुन्हा दाखवून "हा खोटा आहे" अशी बातमी करू नका. एक चौकट, त्यावर आडवा ठळक शिक्का, आणि खुलासा पहिल्याच वाक्यात.

१३. एआयनं बनवलंय का हे सांगणारी ॲप आहेत ना? त्यात टाकलं की झालं.

झालं नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनंच मजकूर ओळखणारं आपलं साधन जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केलं. गूगलच्या साधनांनी बनवलेल्या चित्रांत सिंथआयडी नावाची अदृश्य खूण असते, ती जेमिनायला विचारून तपासता येते. खूण सापडली तर चित्र बनवलेलं आहे. सापडली नाही तर खरं आहे असं नव्हे, दुसऱ्या साधनानं बनवलेलं असू शकतं. आणि सहकाऱ्याची बातमी अशा ॲपमध्ये टाकून "तू एआयकडून लिहून घेतलीस" असा आरोप करू नका, आमच्याकडे यावरून एक चांगली मैत्री तुटली.

१४. एआय वापरलं हे वाचकाला सांगायलाच हवं का?

शुद्धलेखन, मथळा, रेकॉर्डिंगचा मजकूर यांसाठी नको. पेन कोणत्या कंपनीचा ते आपण छापत नाही. भाषांतर पूर्णपणे यंत्राचं असेल, आवाज यंत्राचा असेल, चित्र बनवलेलं असेल, किंवा मोठ्या कागदपत्रांचं विश्लेषण त्याच्याकडून करून घेतलं असेल तर सांगा. साध्या मराठीत. "या बातमीतील २१२ पानांची छाननी एआयच्या मदतीने केली असून आकडे बातमीदाराने मूळ कागदांवरून तपासले आहेत." दुसरा अर्धा भाग खरा नसेल तर पहिला लिहून उपयोग नाही.

१५. संपादकच म्हणतात, रोज वीस बातम्या पाहिजे, एआयकडून काढा. मी काय करू?

याचं प्रामाणिक उत्तर अवघड आहे. मानधन कॉलमच्या सेंटिमीटरवर किंवा जाहिरातीच्या कमिशनवर, पेट्रोल स्वतःचं, अशा माणसाला "नैतिक भूमिका घ्या" म्हणणं मला जमत नाही. मी एवढंच सुचवतो की वीसचे दोन ढीग करा. बाजारभाव, हवामान, भरतीच्या जाहिराती, सभेच्या सूचना या मूळ कागदावरून एआयकडून काढा, आकडे ताडा, पाठवा. माणसाचं नाव, मृत्यू, गुन्हा, आरोप, आजार असलेली एकही बातमी त्या ढिगात टाकू नका. आणि हे वाटप संपादकांना व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून कळवा. तोंडी नको. कारण पुढचा प्रश्न.

१६. एआयची चूक छापून आली तर जबाबदार कोण?

तुम्ही, संपादक, प्रकाशक. यंत्राला समन्स निघत नाही. बदनामी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली येते, आणि "चॅटजीपीटीनं सांगितलं" हा त्यातला अपवाद नाही. चूक कळली की त्याच दिवशी, त्याच जागी दुरुस्ती छापा. पोर्टलवर बातमी गुपचूप बदलू नका, खाली काय बदललं ते लिहा. प्रश्न ४ मधल्या धरणाची दुरुस्ती आम्ही तिसऱ्या पानावर छापली होती. त्या अभियंत्यांनी पुन्हा फोन केला, या वेळी चहाला बोलावण्यासाठी.

१७. वाढदिवसाच्या पुरवण्या, नेत्यांचे शुभेच्छा लेख एआयकडून लिहिले तर?

लिहा. "विकासपुरुष" आणि "दिलदार व्यक्तिमत्त्व" यांत माणसाचा हात होता असं मला कधीच वाटलं नाही. फक्त वर "जाहिरात" छापा, आणि पदं व वर्षं त्या नेत्याच्या कार्यालयाकडून लेखी घ्या.

१८. सरकारच आता एआय वापरतंय. त्यावर बातमी कशी करायची?

कौतुकाची प्रेसनोट सोडून. राज्य मंत्रिमंडळानं जून २०२५ मध्ये शेतीसाठी महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, सुरुवातीची तरतूद ५०० कोटींची. पोलिसांसाठी मार्व्हल ही एआय यंत्रणा २०२४ पासून नागपुरातूनच चालते. ताडोबाभोवती वाघाची चाहूल देणारे कॅमेरे बसले. हे सगळं खरं, आणि काही उपयोगीही असेल.

आपले प्रश्न गावातले. शेतकऱ्याला सल्ला आला तो त्याच्या बोलीत होता का, आणि चुकीच्या फवारणीचा सल्ला निघाला तर दाद कुणाकडे? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली आहेत, त्यामुळे हा प्रश्न उगाचचा नाही. कॅमेऱ्यानं इशारा दिला तेव्हा गावात रेंज होती का? यंत्रानं लाभार्थी यादीतून नाव कापलं तर तहसीलमधल्या कोणत्या खिडकीवर अर्ज करायचा? कंत्राट कुणाला, किती वर्षांचं, हे माहिती अधिकारात मागा. त्या अर्जाचा मसुदा एआयकडून करून घेतलात तरी चालेल.

१९. आमच्या तालुक्यात हे शिकवायचं आहे. पहिला वर्ग कसा घेऊ?

भाषणानं सुरू करू नका, अर्धे लोक मोबाइलमध्ये शिरतात. प्रत्येकाला स्वतःच्या गावाबद्दल पाच गोष्टी कागदावर लिहायला सांगा. नदी किंवा नाला, बाजाराचा वार, यात्रा, कोणत्या वर्षीचा पूर, पहिली शाळा. मग त्याच पाच गोष्टी एआयला विचारायला लावा आणि चुकीवर लाल पेन. दहा मिनिटांत हशा पिकतो, आणि प्रश्न १ चं उत्तर न सांगता समजतं. त्यानंतर प्रत्येकानं आपली एक जुनी बातमी काढायची आणि यंत्राला कधीच कळली नसती अशा ओळींखाली रेघ मारायची. इथं खोली शांत होते. काहींच्या बातमीत एकही रेघ पडत नाही.

दुसऱ्या तासाला प्रश्न ८ चा खेळ घ्या. नाव न देता गावातल्या एका माणसाचं तीन ओळींत वर्णन, बाकीच्यांनी ओळखायचं. फक्त वर्णन कुणाच्या दुःखाचं नको, पानठेल्यावाला किंवा बँडवाला घ्या. सहसा दुसऱ्या ओळीतच ओळखतात.

वर्ग सकाळी दहाला ठेवा, चारनंतर सगळ्यांना बातम्यांची घाई असते. हॉलचे पैसे नसतील तर ग्रामपंचायतीचं सभागृह किंवा वाचनालय मिळतं. सगळी उदाहरणं आदल्या रात्री स्क्रीनशॉट काढून ठेवा, नेट ऐनवेळी जातं. लाइटही. एक्स्टेंशन बोर्ड घरून न्या.